दिघोरीची इराणी तलवार

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

दसरा. गांधीबाबाची जयंतीही आजच आली. सकाळी चौकात फोटोला हार घालून अहिंसेवर टाळ्या वाजवल्या, अकराला घरी येऊन शस्त्रं पुजली. माणसाचं असंच असतं.

पाटावर चार विळे, भाजी चिरायची पावशी, कुऱ्हाड, पोराच्या, दिलीपच्या, ट्रॅक्टरची चावी आणि मधोमध आमची समशेर. तेल, शेंदूर, झेंडू. दरसालच्या शेंदरानं तिच्या अंगावर झाडासारखी साल चढली आहे. आमची म्हातारी, म्हणजे बायको, म्हणाली, "थापून थापून तिचा मारुती करून टाकला जी तुमी." बायकांना शस्त्रातलं काय कळतं!

दिलीपची आचल सणाच्या दिवशीही पहाटे तलावाच्या पाळीवर धावून आली. पोलिस भरतीचं मैदान सणवार पाहत नाही म्हणते. तीन वर्षं झाली नातीचं हे धावणं. पूजा झाल्यावर आजीचं लुगडं नेसून तिनं समशेर खांद्याशी धरली, मैत्रिणीनं मोबाइलवर फोटो काढला. अशी उभी होती पोर, की मला भरून आलं. सोनं द्यायला आलेल्यांना मग मी पुन्हा सगळं सांगितलं. पणजोबा नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळात, तिकडून आलेली समशेर, इराणी घाट. ज्यांनी पन्नासदा ऐकलं होतं त्यांनी एक्कावन्नाव्यांदा ऐकलं.

संध्याकाळी माझी वाकड्या तलवारींची वही, पुस्तकांतून चित्रं उतरवून भरत आलेली. आज हबशी लोकांची शोटेल काढली. पार विळ्यासारखी वाकडी. समोरच्यानं ढाल धरली तरी ढालीला वळसा घालून मागं पोचते. म्हातारीचं बोलणं तसंच.

४ ऑक्टो., शनि.

हलकं, लवकर येणारं धान पिवळं पडू लागलं. आठ-दहा दिवसांत विळा लागेल.

वही: शोटेल पुरी केली. शेजारी नेपाळची खुकरी. ती तलवारीत धरावी की सुरीत? पुस्तकात सुरीत. आतल्या अंगाला वाक, धारही आतून. शोटेलची धार दोन्हीकडून असते असं एका पुस्तकात, दुसऱ्यात नाही. तपासायचं.

सातवी शिकलेल्या माणसानं एवढं केलं. एकेक पुस्तक वाचनालयातून आणून, उतरवून. मास्तर कुणी नव्हता.

५ ऑक्टो., रवि.

जेवायला बसलो होतो, ठाण्यातले हवालदार आले. ओळखीचे. चप्पल बाहेर काढली, पाणी घेतलं, मग सांगितलं. आचलचा फोटो कुणीतरी गाणं लावून, खाली 'दिघोरीची वाघीण' लिहून सगळीकडे पाठवला. फिरत फिरत तो साहेबांच्याच मोबाइलवर गेला. विनापरवाना तलवार, तीही मिरवली.

"गांधीजयंतीले तलवार उपसली जी तुमच्या नातीनं," हवालदार म्हणाले. "उद्या दहाले तलवार घेऊन या. पोरीलेही आना. घाबरू नोका, साहेब चांगले हायेत."

चांगले आहेत तर बोलावतात काहून?

आचल ताटावरून उठली. तिच्या मागं गेलो तर म्हणाली, "आबाजी, गुन्हा दाखल झाला का भरती संपली. फॉर्ममधीच विचारतेत, तुमच्यावर गुन्हा आहे काय म्हनून. खोटं लिहाल तर पडताळनीत सापडते, खरं लिहाल तर घेत नाही."

म्हटलं, मी आहे ना. मी बोलतो साहेबांशी.

६ ऑक्टो., सोम.

लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो, कारण केलं मीच.

समशेर धानाच्या बोऱ्यात गुंडाळून नेली. आचल आणि मी. ठाणेदारसाहेब दिलीपहून लहान, सोलापूरकडचे. बसा म्हणाले. बोरा उघडून पाहिला. फोटो पाहिला. आचलला विचारलं, किती वेळात धावतेस. मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "आजोबा, मला यातलं फार कळत नाही. ही नाटकाबिटकातली, शोभेची आहे का?"

शोभेची!

मी म्हटलं, साहेब, शोभेची कशी असेल? आणि सुरू झालो. इराणी शमशीर कशी अरुंद, टोकाकडे निमुळती, तिचा वाक कसा खोल. धावत्या घोड्यावरून सरळ तलवार मारली तर रुतून बसते, हाताला हिसका देते, वाकडी मात्र कापत कापत निघून जाते, विळा धानातून जातो तशी. तुर्कांची किलिज टोकाजवळ रुंद, म्हणून घाव जड. जपानची कताना दोन हातांची, कमरेला धार वर करून खोचतात. आपली हिंदुस्थानी तलवार त्या इराणी-तुर्की खानदानातली, पण मुठीला वर वाटी. साहेबांनी चहा सांगितला. मी आणखी रंगलो. टेबलावरची पट्टी उचलून घोड्यावरचा वारही करून दाखवला.

साहेब म्हणाले, "म्हणजे ही खरी आहे?"

"शंभर टक्के खरी, साहेब. लढाईतली."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी सही केली. मोठ्या अक्षरात.

मान वर केली तर आचल माझ्याकडे पाहत होती.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "आजोबा, मी तुम्हाला वाट दाखवत होतो. तुम्ही तिथंच भिंत बांधली. आता ठाण्याच्या डायरीत नोंद झाली. गुन्हा अजून नाही. आठ दिवस चौकशी ठेवतो. वेगळं काही दाखवता आलं तर दाखवा. नाहीतर मला कायद्यानं जावं लागेल."

समशेर तिथंच ठेवून घेतली.  आज कोजागिरी. दूध आटवलं नाही.

७ ऑक्टो., मंगळ.

बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत, असं लहानपणापासून ऐकलं. काल माझी माती खपली. पोरीच्या डोक्यावर.

आचल आज धावायला गेली नाही. बूट दारामागं.

 दिलीप बांधावर गेला, उगाच. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हातारीनं मात्र सोडलं नाही. "साहेब बिचारा ताटात वाढून देत होता, शोभेची आहे काय म्हनून. तुमाले हव म्हनता नाही आलं? 'हव' म्हनायले दात लागते का?"

"पन खोटं कसं सांगू?" मी.

 यावर ती काहीतरी बोलणार होती. चुलीकडे गेली.

दुपारी वही काढली. शोधत होतो एक जुनं पान. सापडलं. नागपूरला संग्रहालयात गेलो होतो तेव्हाचं, वीसेक वर्षं झाली असतील. काचेतली अस्सल शमशीर पाहून आलो आणि घरी येऊन आमची मोजली होती. माझ्याच अक्षरात: "आपली मुठीपासून टोकापर्यंत सारखीच जाड. अस्सल निमुळती होत जाते. वाक एकसारखा नाही. वजन टोकाला.  धार नाही." आणि खाली, रेघ ओढून: "आपली वेगळी जात."

वेगळी जात! त्या दिवशीच कळलं होतं मला. कळून घेतलं नाही. वर आणखी शेंदूर लावत गेलो.

आता बसून काय मागतोय, तर ती खोटी निघू दे. वीस वर्षं ज्याला भ्यालो तेच दे म्हणून देवाला हात जोडतोय. पण मला वाटून काय होतं? सही तर खरी म्हणून केली. उद्या जाऊन खोटी म्हटलं तर साहेब म्हणतील, आजोबा, नातीसाठी बोलता. आणि मीच म्हणेन का, की तसं नाही?

८ ऑक्टो., बुध.

आज जे झालं ते.

सकाळी म्हातारी माझ्यासमोर येऊन बसली. कामाशिवाय ती अशी बसत नाही. म्हणाली, "एक सांगतो. रागावू नोका."

"काय?"

"थे नाटकातली आहे."

मला वाटलं, मला धीर द्यायला बनवून सांगते. तर नाही. लग्न होऊन आली त्या पहिल्याच दसऱ्याला माझ्या मायनं तिला सांगितलं होतं. तुझा सासरा मंडईच्या, दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात राजा होत होता, त्याच्यासाठी अड्याळच्या लोहारानं ही बनवली. पण माह्या पोराले सांगू नोको. बाप गेला तवा नऊ वर्षाचा होता थो, बापाची एवढीच निशानी आहे त्याच्यापाशी.

"अन् तू पन्नास वर्षं बोलली नाहीस?"

"तुमी येवढे खुशीत सांगत होते लोकाले. घोडा काय, इरान काय. मंग कायले बोलू? कोनाचं नुकसान होत होतं?" आणि मग, "आता झालं, म्हनून बोललो."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. म्हणालो, लोहाराचं नाव काय?

"नाव नाही सांगतलं मायनं. अड्याळचा, येवढंच."

एवढ्यावर साहेब ऐकणार नाहीत. बायको नवऱ्याच्या बाजूनं बोलणारच. पण अड्याळ काही इराणइतकं लांब नाही.

१० ऑक्टो., शुक्र.

दोन गाड्या बदलून अड्याळ. काल धान पाहायला जावं लागलं म्हणून आज. आचलला चल म्हटलं तर नाही म्हणाली. मग मी निघताना दारात आली आणि पाण्याची बाटली हातात दिली. तेवढंच. तेवढंही खूप.

लोहाराची घरं तीन. दोघांनी मान हलवली. तिसऱ्याकडे म्हातारा खाटेवर उन्हात. मंसाराम. नव्वदीला टेकलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, हात मात्र अजून सांडशीसारखे. वहीत मी समशेरीचा जसाच्या तसा आकार कागदावर उतरवून घडी घालून ठेवला होता, तो काढून त्याच्या मांडीवर पसरला. त्यानं डोळ्यांनी पाहिलंच नाही. बोट फिरवलं. मुठीपासून टोकापर्यंत, टोकापासून मुठीपर्यंत.

"कोनाचं हे?"

"आमच्या घरचं. दिघोरीहून आलो. महादूचा मी पोरगा."

"महादू म्हंजे राजा?" खाटेवर उठून बसला. "अरे बाप्पा! तू राजाचा पोट्टा होयेस!"

आणि सांगत सुटला. तो तेव्हा बापाच्या भात्यावर बसायचा, मिसरूड फुटली नव्हती. नाटक मंडळानं तलवार सांगितली, लोखंड द्यायला कुणी तयार नाही. मोडक्या बैलबंडीच्या चाकाची धाव, चाकावरची लोखंडी पट्टी, होती, तीच तापवून सरळ केली आणि तिची तलवार.

मी विचारलं, "पण काका, हा वाक? चित्र पाहून काढला का? बाहेर देशच्या तलवारीचं?"

"वाक कायचा काढते बे! एका अंगानं ठोकत गेलं का लोखंड पसरते. पसरलं का दुसऱ्या अंगाले वाकते. थे आपल्याच मनानं वाकते. माहा बाप म्हने, सरळ करू काय? मंडळवाले म्हने, राहू द्या, राजाले शोभून दिसते."

मी चाळीस वर्षं त्या वाकाचा देश शोधत होतो.

मग त्यानं काठी उचलली, छातीशी धरली आणि एकदम दुसराच आवाज काढला. "ही समशेर माझ्या आज्यानं घोड्यावरून आणली! इराणच्या पोलादाची! हिला हात लावशील तर हात राहणार नाही!"

 शब्द न् शब्द तोच. मी लोकांना सांगत आलो तोच.

"हे... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगते कोन? थे नाटकातलं बोलनं होये. तुह्या बापाले दुसरं काही पाठच होत नव्हतं. मधी विसरला का पुन्हा हेच म्हने. लोकं हासत, पन टाळ्याही वाजवत. आवाज काय होता गा त्याचा!"

बाबा अंगणात फेऱ्या मारत पाठ करत असतील. मी पाच-सहा वर्षांचा. बाप म्हणतो ते खरंच असणार. पुढं विचारायला बाप राहिला नाही.

नंतर मी ठाण्याचं सगळं सांगितलं. मंसाराम म्हणाला, "मुठीपाशी पाह्य. दोन भोकं असतीन. धावेले चाकावर खिळ्यानं मारत. बापानं शिसं ओतून बुजवले थे." आणि मग, मी काही मागायच्या आधीच, "कवा जायचं ठान्यात? मीच येतो. माह्या बापानं बनवलेली वस्तू ठान्यात बसली, अन् मी कायले घरी बसू?"

सून म्हणाली, बाबा, तुमच्यानं बस चढवते का? तो म्हणाला, "चढवत नाही. चढवून द्या."

११ ऑक्टो., शनि.

घरी सांगितलं. दिलीप खो खो हसला. "म्हंजे बाबा, आजवर आमी बंडीच्या चाकाले कुंकू लावून रायलो!"

आचल हसली नाही. "भोकं नसली तर?"

खरं आहे. भोकं नसली तर?

१३ ऑक्टो., सोम.

दिलीपनं मंसारामला आणायला ओळखीच्याची गाडी केली. धुतलेलं धोतर, टोपी, लग्नाला निघाल्यासारखा. ठाण्याच्या पायरीवर हवालदारांनी हात दिला तर म्हणाला, "मले नोको धरू, तलवार आन."

तलवार आली. साहेब टेबल सोडून बाहेर व्हरांड्यात आले. मंसारामनं घासलेट मागितलं, चिंधी मागितली, विटेचा तुकडा मागितला. खाली बसला, तलवार मांडीवर घेतली आणि घासायला लागला. शेंदराची खपली निघू लागली. लाल, मग काळसर लाल, मग त्याखाली आणखी शेंदूर. माझ्या बायकोचे, माझ्या मायचे, सगळे दसरे सोलून निघत होते. दोन शिपाई, हवालदार, तक्रार द्यायला आलेला एक शेळीवाला, सगळे गोल करून उभे.

मुठीजवळ लोखंड दिसलं. साफ. भोक नाही.

मंसाराम बोटानं चाचपत राहिला. पुन्हा घासलं. नाही.

आचल माझ्या शेजारी होती. तिनं माझा हात धरला नाही, सदऱ्याची बाही धरली.  वाटलं, नव्वदीचा म्हातारा, सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचं, दुसरीच कुठली तलवार आठवत असेल.

"काका, राहू द्या," मी म्हणालो.

"चूप बैस," तो म्हणाला. तलवार पालथी केली. "बाप दिसत्या अंगाले लोखंड ठोकून भोक लिपत होता. लोकाले दिसू नये म्हनून. मांगून तर कोन पाहते?"

मागून घासलं. घासलेट, वीट, चिंधी. आणि ते आलं. वाटाण्याएवढं गोल, करडं. मग चार बोटांवर दुसरं. मंसारामनं नखानं टोकरलं तर शिसं मऊ, रेघ उमटली.

 साहेबांनी धारेवरून अंगठा फिरवला. मग खिशातला कागद काढून तिच्यावर ओढला. कागद दुमडला, कापला नाही.

आणि हवालदार म्हणाले, "आबाजी, इरान अड्याळच्या कोन्या अंगाले येते जी? पवनीकडून का इकडून?"

शेळीवाला आधी हसला. मग सगळे. मीही. आचल तर तोंडावर ओढणी धरून हसत खालीच बसली. आठ दिवसांनी हसली. मग हसता हसता रडली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर माझंही तेच झालं असतं.

साहेब म्हणाले, "आजोबा, मागचा जबाब खोटा होता म्हणायचा का?"

म्हटलं, "खोटा नव्हता, साहेब. चुकीचा होता."

त्यांनी ते तसंच लिहिलं. मंसारामचा जबाब घेतला, अंगठा घेतला. त्यानं शेवटी एक ओळ आणखी लिहायला लावली, की तलवार माझ्या बापानं बनवली आणि नाटकात ती एकदाही मोडली नाही. साहेबांनी लिहिली. मी सही केली. यावेळी लहान अक्षरात.

"लेखी कागद दोन दिवसांत देतो. गुन्हा होत नाही," साहेब आचलला म्हणाले. "आणि फोटो काढून टाक. भरती होशील तेव्हा वर्दीतला टाक."

हुश्श.

१४ ऑक्टो., मंगळ.

दोन वाट्या भात जास्त खाल्ला. अंगावरून बोरा उतरवल्यासारखं वाटतं आहे. दुपारी निजलो ते थेट बैल परतल्यावर उठलो.

आचल पाळीवर गेली सकाळी.

वहीत नवं पान. "घाट: दिघोरी-अड्याळ. लोखंड: बंडीची धाव. धार: नाही. वाक: आपोआप." पुढं मंसाराम सांगतो ते ताडून पाहिलं. जपान्यांबद्दल मीच कधीतरी उतरवलं होतं, की पाठीला मातीचा लेप देऊन तापलेलं पातं पाण्यात बुडवतात आणि ते तिथं पाण्यातच वाकतं. तेव्हा नुसतं उतरवलं, डोक्यात गेलं नव्हतं. म्हणजे तिथल्या कारागिरालाही लोखंडानं आधी वाकून दाखवलं असेल, मग त्यानं म्हटलं असेल, राहू दे, बरं दिसतं. पुस्तकात घोडे आहेत, लढाया आहेत. भात्याजवळचं कुणी लिहून ठेवलं नाही. की लिहिलं असेल आणि मला पुस्तक मिळालं नसेल. पाहायला पाहिजे.

म्हातारीला वाचून दाखवलं. म्हणाली, "आता हे कोनाले सांगत बसू नोका."

१६ ऑक्टो., गुरु.

कागद मिळाला. दिलीपनं तीन झेरॉक्स काढल्या. एक आचलच्या फाइलीत, एक कपाटात, एक मी वहीत चिकटवली. मूळ म्हातारीनं देवामागं ठेवला.

तलवारही परत दिली. नेऊ की नको, जरा घुटमळलो. साहेब म्हणाले, "न्या हो. नाटकाचं सामान आहे." पुसून पाहिली तर वाईट नाही दिसत. करडी, ठोक्यांच्या खुणा सगळ्या अंगावर. एवढी वर्षं पाहिलीच नव्हती.

धान कापणी सुरू. बाया सहा.

२५ ऑक्टो., शनि.

दिवाळी सरली, मंडया सुरू. आमच्या गावच्या मंडईत आज फिरलो. आधीच ठरवलं होतं, स्वतःच सांगायचं, झाकायचं नाही. ज्यांना ज्यांना इराण सांगितला होता त्यांना गाठून गाठून बंडीची धाव सांगितली. निम्म्यांना आधीच माहीत होतं. ठाण्यातला शेळीवाला आमच्याच गावचा जावई निघाला.

"काय राजपुत्र, घोडा कुठी बांधला?" एक.

"आमच्या बंडीचं एक चाक गहाळ आहे गा, तुमच्या देवघरात पाहू काय?" दुसरा.

खाल्लं सगळं मुकाट. गोडच लागलं. एक जख्ख म्हातारी मात्र जवळ येऊन म्हणाली, महादूचा पोरगा ना तू, तुह्या बापाचं नाटक मी पाह्यलं. विसरला का समशेरच काढत होता.

अशी आणखी माणसं असतील. मी कधी विचारलंच नाही कुणाला, सांगतच राहिलो.

नाटक मंडळाची पोरं तलवार मागत आहेत मंडईच्या नाटकाला. म्हातारी म्हणते द्या. आचल म्हणते नोको, आपल्याच घरी राहू द्या, विळ्यांच्या रांगेत. माझं ठरत नाही.

९ नोव्हें., रवि.

लाखांदूरला जाऊन आचलचा फॉर्म भरला. सेवा केंद्रावर रांग, सगळी भरतीचीच पोरं-पोरी. ती संगणकापुढं, मी मागं स्टुलावर. नाव, जन्मतारीख, शिक्षण, सगळं भरभर. मग तो रकाना आला. तिनं तो मोठ्यानं वाचला, मुद्दाम, माझ्याकडे न वळता. "आपल्यावर कोणताही गुन्हा दाखल आहे काय?"

मी स्टुलावर ताठ झालो.

"नाही," ती म्हणाली, आणि टिचकी मारली.

बस. एवढ्याशा टिचकीसाठी. पावती हातात आल्यावर दोघांनी एकेक समोसा खाल्ला.

स्टँडवर आपले हवालदार भेटले. "भरला काय फॉर्म? मैदान काढलं का पडताळनीले मीच येईन तुमच्या घरी. पोरगी कशी, घरचे कसे, सारं आजूबाजूले विचारा लागते."

"या ना," मी म्हणालो. "चहा ठेवतो. बसा निवांत, मी सगळं..."

"आबाजी," आचल म्हणाली.

हवालदार हसत हसत गाडीत चढले.

मैदानाची तारीख लागली नाही. डिसेंबर, जानेवारी, कुणी काही म्हणतो. आठशे मीटरमध्ये अजून सात सेकंद काढायचे आहेत म्हणते. त्या आठ दिवसांत पाय जड झाले, ते ती बोलत नाही, मला कळतं. म्हटलं, उद्यापासून मी येतो पाळीवर, घड्याळ धरून उभा राहतो.

 हो म्हणाली, पण एक अट. फक्त आकडा सांगायचा.